हाराआधी कागद

मे महिना उतरणीला लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी दोन गोष्टी सोबतच येतात: बियाण्याच्या दुकानांपुढच्या रांगा आणि बदलून आलेले नवे साहेब. २००५च्या बदल्यांच्या कायद्याने सरकारी नोकराचा एका जागचा मुक्काम साधारण तीन वर्षांचा ठरवला आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेचा. त्यामुळे मिरग लागेस्तोवर तहसील, पंचायत समिती, ठाणं, आरोग्य केंद्र, कुठे ना कुठे नवं माणूस खुर्चीवर बसलेलं असतं. मग सत्कार सुरू होतात. शाल, श्रीफळ, प्लास्टिकात गुंडाळलेला गुच्छ, आणि फोटोसाठी सगळ्यांनी एकाच दिशेला वळवलेल्या माना.

एका सत्काराला धरा दीड मिनिट. सूत्रसंचालकाने नाव पुकारायचं, माणसाने खुर्च्यांतून वाट काढत पुढे यायचं, शालीची घडी मोडायची, साहेबांनी उठायचं, नारळ एका हातातून दुसऱ्या हातात, फोटो, परत बसायचं. सत्कार करणारे वीस असले की अर्धा तास गेला. त्याआधी दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक. नंतर मनोगतं आणि आभार. दीपप्रज्वलनात हमखास पंखा बंद करावा लागतो आणि तो पुन्हा लावायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. ज्या लेकरांना उन्हापासून वाचवायला शाळा उशिरा उघडली, त्यांनाच कधी कधी पहिल्या आठवड्यात लेझीम घेऊन फाटकापाशी तासभर उभं केलं जातं.

एवढं सगळं झाल्यावर गावाला काय कळलं? साहेबांचं नाव फ्लेक्सवर असतं, तेवढंच. त्यांच्याकडे किती गावं आहेत, ते कोणत्या वारी येणार, आधीच्याने दप्तर पूर्ण दिलं की अर्धंच, नेमणूक कायमची की अतिरिक्त प्रभाराची, यातलं काहीच कळत नाही. आपण माणसाचं स्वागत केलं, पण तो कोण म्हणून आला ते विचारलंच नाही.

हा प्रश्न विचारण्याचा एक विधी जगात आहे, शेकडो वर्षांचा घोटलेला. नवा राजदूत परक्या देशात येतो तेव्हाचा. त्यातली घोडागाडी, गालिचा आणि वाद्यवृंद तेवढा आपल्या टीव्हीवर दिसतो, म्हणून तो आपल्या सत्काराचाच थोरला भाऊ वाटतो. पण त्याचा गाभा उलटा आहे. तिथे पाहुण्याला द्यायचं थोडं असतं, पाहुण्याकडून घ्यायचं जास्त. विदर्भातल्या खेड्यांनी त्यातली सजावट सोडून गाभा उचलावा, आणि गावात नेमून आलेल्या प्रत्येक सरकारी माणसाचं परिचयपत्र ग्रामपंचायतीत रीतसर स्वीकारायला सुरुवात करावी, असं आमचं म्हणणं आहे.

आधी तो विधी नीट पाहू.

राजदूत पाठवायचा तर पहिलं पाऊल गुपचूप पडतं. नाव जाहीर करण्याआधी समोरच्या देशाला विचारावं लागतं, हा माणूस तुम्हाला चालेल का. १८ एप्रिल १९६१ रोजी राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार झाला, त्याचं चौथं कलम हेच सांगतं. नकार द्यायचा असेल तर कारण सांगण्याचं बंधन नाही. आणि विचारणा गुपचूप असल्यामुळे नकार आला तरी चारचौघांत कोणाची शोभा होत नाही. सोयरीक जुळवताना मध्यस्थ जसा आधी कानात विचारून येतो, तसंच हे. भारत या करारात १९६५ साली आला आणि १९७२मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला.

होकार आला, दूत विमानतळावर उतरला, राजशिष्टाचार विभागाच्या माणसाने त्याला उतरवून घेतलं, तरी तो अजून पुरता राजदूत नसतो. त्याला अटक करता येत नाही, कारण संरक्षण देशात पाऊल टाकल्यापासून सुरू होतं. कामाचा अधिकार मात्र वेगळा, तो कागदावर अवलंबून. त्याच्या सामानात दोन कागद असतात. एक परिचयपत्र: त्याच्या राष्ट्रप्रमुखाने आपल्या राष्ट्रप्रमुखाला लिहिलेलं, की हा आमचा माणूस, आमच्या वतीने तो जे बोलेल त्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. दुसरा कागद आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचा. या दुसऱ्या कागदाकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण विधीतली खरी शहाणपणाची गोष्ट तीच. जुन्याचा हिशेब बंद झाल्याचं सांगितल्याशिवाय नव्याचं खातं उघडत नाही.

परिचयपत्राची नक्कल आधी परराष्ट्र मंत्रालयात द्यायची आणि मूळ पत्र राष्ट्रप्रमुखाच्या हातात. नक्कल आधी घेण्याचं कारण साधं आहे. पदनाम चुकलं असेल, नाव चुकलं असेल, तर ते समारंभात उघडं पडण्याआधी सापडावं. कराराच्या तेराव्या कलमाप्रमाणे दूताने काम हाती घेतलं असं कधी धरायचं, याच्या दोनच रीती आहेत: मूळ पत्र सादर झाल्यावर, किंवा आल्याची वर्दी आणि खरी नक्कल मंत्रालयात पोचल्यावर. यजमान देशाने यातली कोणतीही एक धरावी, पण सगळ्यांना सारखीच लावावी.

दिल्लीत हा समारंभ राष्ट्रपती भवनातल्या अशोक मंडपात होतो. जुलै २०२४पर्यंत त्याला अशोक हॉल म्हणत. एका दिवशी तीन-चार देशांचे दूत एकामागून एक येतात, पत्र देतात, थोडं बोलणं होतं. लंडनला दूतासाठी राजवाड्याची घोडागाडी येते. टोकियोत गाडी की घोडागाडी हे दूताने निवडायचं. अनेक देशांत जाताना मोटारीवर झेंडा नसतो आणि पत्र देऊन परतताना तो फडकत असतो. पूर्वी दोन्हीकडून लांब भाषणं व्हायची. बऱ्याच देशांनी ती कधीच बंद केली, पत्र ठेवलं.

काय ठेवायचं आणि काय सोडता येतं, याची परीक्षा करोनाने घेतली. २१ मे २०२० रोजी सात देशांच्या दूतांनी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांना व्हिडिओवरून परिचयपत्रं सादर केली. राष्ट्रपती भवनात असं पहिल्यांदाच घडलं. गालिचा, हस्तांदोलन, चहापान, सगळं गळालं. कागद गळला नाही. आपल्याकडच्या एखाद्या सत्कारातून हार, शाल, नारळ आणि फोटो काढून टाका, मागे काय उरतं ते पाहा.

मानपानाचा प्रश्न या विधीने कसा सोडवला, तो भाग तर पोळा पाहिलेल्या कोणालाही लगेच उमजेल. तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून गावागावांत किती वैर धुमसलं आहे हे सांगायला नको. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या मोकळ्या जागेवर, बैल येतात, वाजंत्री वाजते, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, मानाच्या जोडीचा मान पाटलाच्या घराण्याचा असतो. आणि पाटलाचे दोन वाडे झाले की दोन मानाच्या जोड्या होतात, मग पोळा फुटायच्या आधी डोकी फुटतात. हे आपल्या खेडवळपणाचं लक्षण आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने १६६१ सालचं लंडन आठवावं. ३० सप्टेंबरला स्वीडनचा नवा दूत टेम्स नदीच्या धक्क्यावर उतरला. त्याच्या पाठोपाठ पहिली गाडी कोणाची, फ्रान्सच्या राजदूताची की स्पेनच्या? भर रस्त्यात दोन्हीकडची माणसं भिडली, माणसं मेली, घोडे मेले. स्पेनवाल्यांनी घोड्यांच्या साजात लोखंडी साखळ्या घालून आणल्या होत्या, म्हणजे कोणी कापू नये. तयारी आधीपासूनची होती. त्या दिवशी स्पेनची गाडी पुढे गेली, पण फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने युद्धाची धमकी देऊन पुढच्या वर्षी स्पेनला माघार घ्यायला लावली. एका गाडीच्या नंबरासाठी.

युरोपला यातून बाहेर पडायला दीडशे वर्षं लागली. १८१५मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने ठरवलं, की दर्जा सारखा असेल तर जो आधी आला तो पुढे. देश मोठा की लहान, राजा जुना की नवा, काही पाहायचं नाही. आल्याची तारीख पाहायची. १९६१च्या कराराने तेच ठेवलं, तारखेसोबत वेळही घातली. म्हणून एखाद्या लहानशा बेटाचा दूत दहा वर्षं दिल्लीत असेल, तर काल आलेल्या महासत्तेच्या दूताच्या तो पुढे बसतो. अठराव्या कलमाने आणखी एक गोष्ट बांधून टाकली: एका दर्जाच्या सगळ्या दूतांचं स्वागत एकाच पद्धतीने व्हायला हवं. एकाला घोडागाडी आणि दुसऱ्याला पायी, असं चालत नाही.

आपल्या मंचावर याच्या नेमकं उलट चालतं. बीडीओ साहेबांना फेटा, ग्रामसेवकाला नुसतं गुलाबाचं फूल, आणि लाईनमन तर मंडपाबाहेर वायर जोडत असतो. बरं, फेटाही तयार टोपीसारखा आणला नसेल तर मंचावर बांधायला पाच-सात मिनिटं खातो, आणि तोवर माइकवाला ‘टाळ्या’ एवढंच म्हणत राहतो.

दूताचा कागद नीट न वाचल्याने काय होतं, याचा धडा तर विदर्भाच्याच मातीत आहे. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावचा तह केला. एकमेकांच्या दरबारी वकील, म्हणजे दूत, ठेवायचे, हेही त्या तहात ठरलं. त्याप्रमाणे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून आला. पुढे रिचर्ड जेंकिन्स. शब्दाप्रमाणे हे दूतच होते. पण आमचा वकील तुमच्याकडे नुसता बोलणं पोचवायला आणि तुमचा वकील आमच्याकडे फौजेच्या जोरावर, असं झालं की कागदावरचा समान दर्जा कागदावरच राहतो.

नोव्हेंबर १८१७मध्ये नागपुरात एका समारंभावरून लढाईची ठिणगी पडली, हे मुद्दाम सांगायला हवं. पेशव्याने आप्पासाहेब भोसल्यांना सेनापतिपदाची वस्त्रं पाठवली. पेशवा तेव्हा खडकीला इंग्रजांशी लढून चुकला होता. जेंकिन्सने सांगून पाहिलं की ही वस्त्रं घेऊ नका. आप्पासाहेबांनी २४ तारखेला भर दरबारात ती घेतली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली. वस्त्रं म्हणजे काही तोफ नव्हे. पण कोणाकडून आलेला मान तुम्ही चारचौघांत स्वीकारता, यातून तुमची बाजू जाहीर होते. पुढच्या वर्षी आप्पासाहेब पदच्युत झाले, गादीवर लहान मूल बसलं आणि त्याच्या नावाने कारभार कोणी केला? जेंकिन्सने. दूत म्हणून आलेल्या पदाने पंधरा वर्षांत राज्य चालवायला घेतलं. १८५३मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि ते राज्यही खालसा झालं.

इतक्या मोठ्या इतिहासाशी तलाठ्याच्या बदलीचा संबंध काय, असं कोणी विचारेल. आलेला माणूस कोणत्या कामासाठी, किती काळासाठी, कोणाच्या वतीने आला आहे आणि त्याची हद्द कुठे संपते, हे पहिल्याच दिवशी नोंदून ठेवलं नाही, तर पुढे तोच हद्द ठरवतो. संबंध एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

जुन्या दरबारी रीतींमधली एक गोष्ट मात्र परत आणण्याजोगी आहे. भेट संपली हे सांगायला अत्तर-पान दिलं जायचं. विडा हातात पडला की समजायचं, आता उठायचं. कोणाला ‘चला आता’ म्हणावं लागत नसे. आपल्या कार्यक्रमांत सुरुवातीच्या दहा खुणा आहेत, संपण्याची एकही नाही. आभार मानून झाल्यावरही ‘दोन शब्द’ बोलणारा एक जण निघतोच. पानसुपारीचं तबक फिरलं की कार्यक्रम संपला, एवढा जरी नेम गावाने धरला तरी वर्षाकाठी कितीतरी दुपारी वाचतील.

आता गावात हे कसं करायचं ते.

नवा ग्रामसेवक, तलाठी (नवी पदनामं अनुक्रमे ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी, गाव जुनीच वापरतं), शाळेचे मुख्याध्यापक, उपकेंद्राची नर्सताई, कृषी सहायक, लाईनमन, बीट जमादार, वनरक्षक: ज्याचं काम गावाच्या रोजच्या जगण्याला लागतं, त्या प्रत्येकाने रुजू झाल्यापासून महिन्याच्या आत ग्रामपंचायतीत एकदा यायचं. सोबत एकच पान. त्यावर नेमणुकीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख, रुजू झाल्याची तारीख, हाताखालच्या गावांची नावं, या गावात येण्याचे वार, वरच्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि कार्यालय. या पानाची नक्कल तीन दिवस आधी सरपंचांकडे. कारण दिल्लीतलंच: आदेशावर सही नसते, गावाचं नाव जुन्या सजातलं राहिलेलं असतं, कधी वडगाव आणि वडगाव खुर्द यांत गफलत असते. ते आधीच दुरुस्त व्हावं.

दुसरं पान, आधीच्या माणसाने काय सोपवलं त्याचं. इथेच सगळ्यात जास्त घोळ आहे, म्हणून इथे थांबू. ग्रामसेवक बदलला की ३३ नमुन्यांचं दप्तर हातोहात जायला हवं. प्रत्यक्षात ‘चार्ज घेतला’ अशी एका ओळीची सही होते आणि सहा महिन्यांनी कोणी घराचा नमुना ८ मागितला की रजिस्टर जुन्या साहेबांच्या घरी असल्याचं कळतं. रोकडवही कोणत्या तारखेपर्यंत लिहिलेली आहे, बँकेच्या पासबुकाशी तिची शिल्लक जुळते का, चेकबुकातला शेवटचा वापरलेला चेक कोणता, पावती पुस्तकं किती कोरी आणि किती अर्धी, शिक्के किती, किती अर्ज कोणत्या तारखेपासून पडून आहेत. तलाठ्याच्या बाबतीत गाव नमुने १ ते २१, त्यातही फेरफार नोंदवहीतल्या प्रमाणित न झालेल्या नोंदी. हे सगळं चार्ज यादीत असायलाच हवं, तो काही नवा नियम नाही. नवं एवढंच, की त्या यादीची एक प्रत गावासमोर वाचली जाईल. राजदूत जुन्याला परत बोलावल्याचं पत्र घेऊन येतो ते याचसाठी. जुना गेला आणि नवा आला, यामधल्या फटीतच फायली हरवतात.

मग विधी. ग्रामपंचायतीची खोली पुरे, मंडप नको. आलेल्याला आधी गूळपाणी. सरपंच उभ्याने पत्र घेतील, कोणीतरी ते मोठ्याने वाचेल. उत्तरादाखल सरपंच गावाचं एक पान देतील: अडलेली पाच कामं, प्रत्येकापुढे तारीख. भाषण नाही. स्वागताला काही द्यायचंच असेल तर सुती हातरुमाल किंवा सूतमाळ. २०१७मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की पंतप्रधानांना दौऱ्यात पुष्पगुच्छ देऊ नयेत. फार तर एक फूल आणि खादीचा रुमाल किंवा पुस्तक. पंतप्रधानांना जे चालतं ते मंडळ अधिकाऱ्यांना चालायला हरकत नसावी. शेवटी पानसुपारी. वीस मिनिटं.

पत्र सरपंचांनी स्वतःच्या हाताने घ्यायचं, हे वेगळं सांगावं लागतं. राज्यात निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत आणि ‘सरपंचपती’ हे न लिहिलेलं पद अजून शाबूत आहे. दूताचं पत्र राष्ट्रप्रमुखाच्या हातात पडतं, त्यांच्या यजमानांच्या किंवा यजमानीणबाईंच्या नव्हे. सही बाईंची आणि हस्तांदोलन भाऊंचं, असं जिथे चालतं तिथे या एका विधीने तरी भाऊंना खुर्च्यांच्या ओळीत बसवावं.

आणि एक नोंदवही. आल्याची तारीख, वेळ, नाव, पद, आदेश क्रमांक, कायम की प्रभारी, गेल्याची तारीख. पुढे कधी कार्यक्रम झाला आणि कोणी कुठे बसायचं याचा प्रश्न पडला, तर सारख्या दर्जाच्या माणसांत ही वही उघडायची. जो आधी आला तो सरपंचांच्या उजव्या हाताला.

‘कायम की प्रभारी’ हा रकाना फार महत्त्वाचा. राजनयात प्रभारी दूताचा दर्जा वेगळा आहे. राजदूत राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला असतो, कायमचा प्रभारी परराष्ट्रमंत्र्यांकडे. आणि तात्पुरता प्रभारी असेल तर त्याचं नाव रीतसर कळवावं लागतं. एकाच राजदूताला तीन देश दिले जातात, दिल्लीतले कितीतरी दूत शेजारच्या देशांचंही काम पाहतात. पण तेव्हाही प्रत्येक देशाला आधी कळवावं लागतं आणि कोणी हरकत घेतली तर थांबावं लागतं. आपल्याकडे तीन ग्रामपंचायती एका ग्रामसेवकाकडे असतात, चौथीचा ‘अतिरिक्त’ येतो, आणि त्या आदेशावर संपण्याची तारीख नसते. गाव तीन वर्षं प्रभारावर राहतं आणि ते प्रभारावर आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. वहीत लाल शाईने ‘प्रभारी’ लिहिलं गेलं तर निदान दर ग्रामसभेला ते दिसेल.

यावर हरकती येणार, आणि सगळ्या फालतू नाहीत. सगळ्यात वजनदार हरकत कर्मचाऱ्यांची असेल: तलाठी महसूल खात्याचा, वनरक्षक वन खात्याचा, लाईनमन वीज कंपनीचा, ग्रामपंचायत आमची वरिष्ठ नाही, तिला कागद का दाखवायचा? मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहतो असा ग्रामसभेचा ठराव आणायची अट आली तेव्हापासून हा राग आहेच. पण इथेच दूताचं उदाहरण कामाला येतं. राजदूत यजमान देशाचा नोकर नसतो. त्याचा पगार, बढती, शिक्षा, सगळं त्याच्या देशाच्या हातात. तरीही तो पत्र देतो. पत्र दिल्याने तो हाताखाली जात नाही, उलट त्याच्या शब्दाला वजन येतं. परवा तारेवरचं झाड तोडायला कोणी आलं आणि गावाने त्याला हटकलं, तर वहीतली नोंद त्याच्याच बाजूने बोलेल.

दुसरी हरकत अशी की मग गावाने नकारही द्यायचा का? नाही. राजदूताबाबत जी आधी संमती लागते, ती नोकरशाहीच्या नेमणुकीत गावाला नाही, आणि सगळीकडे ती असावी असंही आम्ही म्हणत नाही. गावातल्या भावकीचं राजकारण पाहता ते धोक्याचं होईल. पण संमतीचा विचार या भागाला परका नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणत आलं. तिथे बाहेरून येणाऱ्या कामाला आधी ग्रामसभेपुढे यावं लागतं, आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते २००९ साली होतं. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याच्या भागात ग्रामसभेचा हा हात बळकट आहे. बाकी विदर्भात तो नाही; तिथे निदान ओळख तरी मागावी. आज नको असलेल्या माणसाला सांगण्याची आपली एकच रीत आहे, शाळेला नाहीतर पंचायतीला कुलूप ठोकणं. पहिल्या दिवशी कागद घेतलेला असेल तर पुढची तक्रारही कागदावर, तारखेनिशी करता येते.

तिसरी हरकत भावनेची. पाहुण्याला हार घालणं ही आपली रीत आहे, ती कोरडी का करायची? हे मान्य नाही. याच मातीतले गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन नंतर. त्यांच्या येण्याचा समारंभ म्हणजे गाव झाडणं. आणि सेगावात, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं, १९३८च्या जानेवारीत लॉर्ड लोथियन गांधीजींकडे मुक्कामाला होते. पुढच्याच वर्षी ते ब्रिटनचे अमेरिकेतले राजदूत झाले. मातीच्या भिंतींच्या त्या वस्तीत पाहुण्यासाठी जे केलं गेलं ते राहण्या-खाण्याच्या सोयीचं होतं, मिरवण्याचं नव्हतं. सूतमाळेचा हार म्हणजेही कोणाचे तरी श्रम. जुन्या मापाच्या सुताच्या एका गुंडीत (लडीत) चार फुटांचे ६४० तार असतात.

खरोखरचा राजदूतच गावात आला तर? सेवाग्राम, ताडोबा, एखादं पाणलोटाचं काम पाहायला परदेशी पाहुणे येतात, तेव्हा गाव उत्साहाच्या भरात झेंड्यांत चुकतं, आणि ती चूक फोटोत कायमची राहते. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा इतर देशांच्या झेंड्यांसोबत लावताना झेंड्यांच्या ओळीत मधोमध प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहावं. आपल्या उजव्या टोकाला तिरंगा. लोक समोर उभे राहून स्वतःची उजवी बाजू धरतात, मग उलटं होतं. सगळे झेंडे वेगवेगळ्या काठ्यांवर, उंची सारखी, आकार जवळपास सारखा. सरकारी मोटारीवर दोन झेंडे असले तर तिरंगा उजवीकडे, पाहुण्याचा डावीकडे. छापायला देण्याआधी रंगांची बाजू वरखाली तपासावी: वर लाल आणि खाली पांढरा तो इंडोनेशियाचा, तोच उलटा केला की पोलंडचा. फिलिपिन्सचा उलटा लावला तर त्यांच्या रीतीने तो युद्धाचा इशारा. कुंकू लावून ओवाळायचं असेल तर आधी विचारावं. सगळ्यांच्या धर्मात ते बसत नाही. हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या राजशिष्टाचाराच्या टेबलावर आठ दिवस आधी एका फोनने कळतं, पण तो फोन करायचं काम मंडपवाल्यावर सोडलेलं असतं.

गावाच्या रोजच्या कामात मात्र राजदूत येत नाही, लाईनमन येतो. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. जूनच्या पहिल्या वादळात आखराजवळच्या डीपीवर फांदी पडते, अंधार होतो, आणि कोणाला फोन करायचा यावर गावात चार मतं निघतात. त्यातली दोन नावं मागच्या वर्षीच बदलून गेलेल्यांची असतात. पाऊस लागायच्या आत त्याचं पान घ्यावं: नाव, फोन, किती फिडर, रजेवर असला तर कोण. वहीतली पहिली ओळ त्याची.